बाबेल : इतिहास किती, भविष्य किती?

बायबलमधील बलाढ्य शत्रुराष्ट्राची कहाणी आणि तिचे मराठी मुलखातील पडसाद

अमरावती आणि अकोल्यातील चर्चमध्ये मराठी बायबलचे वाचन होते, तेव्हा दोन नावे वारंवार कानी पडतात. एक बाबेल आणि दुसरे खास्दी. बाबेल म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातील बॅबिलोन आणि खास्दी म्हणजे तेथे राज्य करणारे खाल्डियन लोक. शाळेत हामुराबीची संहिता आणि झुलत्या बागा एवढ्यावर संपणारे हे शहर बायबलमध्ये मात्र पहिल्या पुस्तकापासून अखेरच्या पुस्तकापर्यंत पाठ सोडत नाही. उत्पत्तीमध्ये ते आकाशाला भिडू पाहणारा बुरूज बांधते, राजांच्या इतिहासात यरुशलेम जाळते, संदेष्ट्यांच्या ग्रंथांत स्वतःच्या नाशाचे शाप ऐकते आणि प्रकटीकरणात अधर्माचे प्रतीक होऊन कोसळते. यातील इतिहास कोणता, श्रद्धा कोणती आणि भविष्यकथन कोणते, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती किंवा ज्यू वाचकांपुरता नाही. इराकमध्ये युद्ध पेटले की ही जुनी भाकिते नव्याने छापली जातात आणि त्यांच्या आधारे आजच्या माणसांचे जगणे-मरणे आधीच ठरलेले असल्याचे सांगितले जाते. म्हणूनच हा विषय मुळापासून समजून घेणे अगत्याचे ठरते.

देवाचे दार की भाषांचा गोंधळ?

बॅबिलोनचे अवशेष बगदादच्या दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटरवर, हिल्ला शहराजवळ आहेत. अक्कदी भाषेत या नगराचे नाव 'बाब-इली', म्हणजे देवाचे दार. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायाने मात्र या नावाचा संबंध 'गोंधळ करणे' या अर्थाच्या हिब्रू धातूशी जोडला. एकाच भाषेत बोलणाऱ्या माणसांनी गर्वाने बुरूज उभारला आणि देवाने त्यांच्या भाषा वेगळ्या केल्या, अशी ही कथा. ज्याला त्याचे रहिवासी देवाचे दार म्हणत, त्यालाच त्याच्या बंदिवानांनी गोंधळाचे गाव ठरविले. या शब्दच्छलात पराभूतांची बोच स्पष्ट दिसते.

कथेतील एक तपशील मात्र अगदी अचूक आहे. बुरूज बांधणाऱ्यांनी दगडाऐवजी भाजलेली वीट आणि चुन्याऐवजी डांबर वापरले, असे ती सांगते. मेसोपोटेमियाच्या गाळाच्या सपाट प्रदेशात दगड नाही. नैसर्गिक डांबर मात्र भरपूर सापडते. बॅबिलोनमधील मार्दुक देवाच्या 'एतेमेनान्की' या पायऱ्यापायऱ्यांच्या उंच मंदिराची आठवण या कथेमागे असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. जर्मन उत्खननकार रॉबर्ट कोल्डेवे यांनी १८९९ ते १९१७ या काळात येथे खोदकाम केले, तेव्हा या मंदिराचा पाया, मिरवणुकीचा राजमार्ग आणि निळ्या झिलईच्या विटांचे इश्तार द्वार उजेडात आले.

दोन महासत्तांमधील चिमुकले राज्य

बायबलमधील संघर्ष समजण्यासाठी वऱ्हाडच्या वाचकाला फार दूर जाण्याची गरज नाही. अठराव्या शतकात वऱ्हाडवर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल होता. या 'दुअमली'त रयतेला दोन्ही धन्यांची मर्जी सांभाळावी लागे. त्यात तिसरी सत्ता उतरली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडवरील हक्क संपला. जेमतेम तीन आठवड्यांत प्रदेशाचे भवितव्य बदलले आणि ते ठरविणाऱ्यांत वऱ्हाडचा कोणी नव्हता.

यहूदाच्या राज्याची स्थिती काहीशी अशीच होती. दक्षिणेस इजिप्त, ईशान्येस आधी अश्शूर आणि नंतर बाबेल. इ. स. पू. ६०५ मध्ये कर्कमीश येथे बाबेलचा युवराज नबुखद्नेस्सर याने इजिप्तच्या सैन्याचा पराभव केला आणि त्याच वर्षी तो गादीवर आला. यहूदाचा राजा यहोयाकीम याने प्रथम बाबेलची मांडलिकी पत्करली. पुढे इजिप्तच्या भरवशावर खंडणी थांबविली. परिणाम व्हायचा तोच झाला. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम घेतले. तोवर यहोयाकीम मरण पावला होता. त्याचा तरुण पुत्र यहोयाखीन आपल्या आईसह आणि दरबारासह बंदिवासात गेला. त्याच्या जागी बाबेलने सिद्कीयाला बसविले. त्यानेही बंड केले. दीड वर्षाहून अधिक काळ चाललेल्या वेढ्यानंतर इ. स. पू. ५८६ मध्ये (काहींच्या मते ५८७ मध्ये) तटबंदी फुटली, शलमोनाचे मंदिर जाळण्यात आले, सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांचा वध झाला आणि मग त्याचे डोळे काढण्यात आले.

पाडाव झालेल्यांची संख्या बायबलमध्येच वेगवेगळी आढळते. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात पहिल्या खेपेस दहा हजारांचा आकडा येतो. यिर्मयाच्या अखेरच्या अध्यायात तीन खेपांचे मिळून ४,६०० लोक नोंदविले आहेत. काही आकड्यांत केवळ पुरुष मोजले गेले असण्याची शक्यता अभ्यासक वर्तवितात. सर्वच लोक मात्र नेले गेले नाहीत. कारागीर, अधिकारी, सैनिक आणि पुरोहित गेले. शेतमळे कसण्यासाठी गोरगरीब मागे ठेवण्यात आले. जित प्रदेशाचे डोके काढून घ्यायचे आणि हात ठेवायचे, असे हे धोरण होते.

मातीच्या पाट्यांची साक्ष

या घटनाक्रमाला बायबलबाहेरचा पुरावा आहे काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. याचे उत्तर होकारार्थी आहे. 'बॅबिलोनी बखर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कीलाकार लिपीतील पाट्यांचे वाचन डी. जे. वाइझमन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. नबुखद्नेस्सराच्या सातव्या वर्षी अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी यहूदाची राजधानी घेतली, राजाला पकडले आणि मर्जीतला राजा नेमला, असे ती बखर सांगते. आजच्या गणनेनुसार तो दिवस १६ मार्च इ. स. पू. ५९७ हा होय. अंतिम विध्वंसाच्या वर्षांची पाटी मात्र उपलब्ध नाही.

बॅबिलोनच्या राजवाड्यात सापडलेल्या शिधावाटपाच्या पाट्या त्याहून बोलक्या आहेत. अर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ मध्ये प्रकाशित केलेल्या या हिशेबांत 'यहूद देशाचा राजा' आणि त्याचे पाच पुत्र यांना तेल दिल्याची नोंद आहे. हा राजा म्हणजेच यहोयाखीन. बंदिवान राजाला बाबेलच्या राजाच्या पंगतीस स्थान मिळाल्याचे बायबल सांगते. कोठीवरच्या कारकुनाने लिहिलेली तेलाची नोंद त्या वृत्तांताशी जुळते.

यरुशलेमच्या नैर्ऋत्येस लाखीश येथे १९३५ मध्ये खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली. लाखीशच्या इशाऱ्याच्या खुणांकडे आमचे लक्ष आहे, अजेकाच्या खुणा मात्र दिसत नाहीत, असे त्यातील एका पत्रात म्हटले आहे. यिर्मयाच्या पुस्तकात अखेरपर्यंत तग धरलेल्या तटबंदीच्या नगरांत हीच दोन नावे येतात. २००७ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील एका लहानशा पाटीवर मिखाएल युर्सा यांना नबुखद्नेस्सराच्या एका वरिष्ठ दरबाऱ्याचे नाव आढळले. यरुशलेमच्या पाडावप्रसंगी हजर असलेल्या अधिकाऱ्यांच्या यिर्मयातील यादीत हेच नाव किंचित बदललेल्या रूपात आहे.

२०१४ मध्ये लॉरी पिअर्स आणि कॉर्नेलिया वुन्श यांनी प्रसिद्ध केलेल्या पाट्यांत 'अल-याहूदू', म्हणजे यहूद्यांचे गाव, अशा वस्तीचे व्यवहार आहेत. तेथे हे निर्वासित जमीन कसतात, सारा भरतात, कर्ज घेतात आणि वारसाहक्काने वाटण्या करतात. बंदिवास म्हणजे तुरुंग नव्हता; ती सक्तीची वसाहत होती, हे यावरून दिसते.

भेंडवळ आणि यरुशलेम

इतिहासाकडून भविष्याकडे वळताना शब्दांचा घोटाळा टाळला पाहिजे. वऱ्हाडात भविष्य म्हटले की बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी आठवते. अक्षय्य तृतीयेला शेतात धान्याचे दाणे, पाण्याची घागर, पापड, कुरडई अशी मांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यातील फेरबदलांवरून पाऊस, पिके आणि राजकारण यांबाबत भाकीत केले जाते. त्याला वैज्ञानिक आधार नसल्याचा आक्षेप नेहमीच घेतला जातो. तरीही पेरणीच्या तोंडावर शेतकरी ते कान देऊन ऐकतो.

चिन्हांवरून भाकीत करण्याची कला प्राचीन जगात कळसास नेली ती बॅबिलोनी लोकांनी. बळी दिलेल्या मेंढीचे यकृत पाहून ते राजाला सल्ला देत. ग्रहणे आणि ग्रहगती यांच्या नोंदी त्यांनी शतकानुशतके ठेवल्या. बारा राशींची विभागणी त्यांचीच. ती ग्रीकांमार्फत भारतात आली. वर्तुळाचे ३६० अंश आणि तासाची ६० मिनिटे हाही त्यांच्या साठच्या गणनेचा वारसा. रोजच्या वृत्तपत्रातील राशिभविष्याचे सदर उघडणारा वाचक नकळत बाबेलच्या दारातच उभा असतो. बायबलला ही पद्धत ठाऊक होती. यहेज्केलाच्या एकविसाव्या अध्यायात बाबेलचा राजा दोन रस्त्यांच्या फाट्यावर थांबून बाण हलवितो, मूर्तींना कौल लावतो आणि यकृत तपासतो, असे वर्णन आहे.

हिब्रू संदेष्ट्यांचा मार्ग याहून निराळा होता. मराठी बायबलने त्यांच्यासाठी 'संदेष्टा' हा शब्द योजला तो योग्यच; कारण ते ज्योतिषी नव्हते, निरोप सांगणारे होते. तुम्ही असे वागाल तर असे घडेल, हा त्या निरोपाचा गाभा. गरिबांवर अन्याय, खोट्या शपथा आणि मूर्तिपूजा हे यहूदाच्या विनाशाचे कारण आहे आणि बाबेल हे केवळ देवाच्या हातातील हत्यार आहे, असे यिर्मया सांगत राहिला. वेढा पडलेला असताना शरण जा, म्हणजे शहर वाचेल, असा सल्ला त्याने राजाला दिला. त्याला फितूर ठरविण्यात आले आणि चिखलाने भरलेल्या हौदात टाकण्यात आले. दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, असे गोड भाकीत करणारा हनन्या मात्र लोकप्रिय होता. लोकांना आवडणारे भविष्य आणि लोकांना ऐकवत नाही असे सत्य यांतील हा झगडा होता. बंदिवासात गेलेल्यांना यिर्मयाने पत्र पाठविले : तेथे घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. अल-याहूदूच्या पाट्या पाहता त्यांनी बरेचसे तसेच केले.

कोणते भाकीत कसे उतरले?

सत्तर वर्षे बाबेलची सेवा करावी लागेल, असे यिर्मयाने म्हटले होते. बाबेलचे साम्राज्य इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने, म्हणजे सायरसने, जिंकले. कर्कमीशपासून मोजल्यास हा काळ ६६ वर्षांचा भरतो. मंदिराच्या विध्वंसापासून दुसरे मंदिर पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सुमारे इ. स. पू. ५१६ पर्यंत, मोजल्यास तो सत्तर होतो. सत्तर हा एका माणसाच्या आयुष्याचा ठोकळ आकडा आहे, असेही काही अभ्यासक मानतात.

यशया आणि यिर्मया यांच्या ग्रंथांत बाबेलचा सदोम-गमोराप्रमाणे सर्वनाश होईल, अशी वचने आहेत. प्रत्यक्षात कोरेशाच्या सैन्याने शहरात फारशा प्रतिकाराविना प्रवेश केल्याचे बॅबिलोनी बखर सांगते. नगर पुढेही नांदत राहिले, इ. स. पू. ३२३ मध्ये सिकंदर तेथेच मरण पावला. जवळच सेल्युकिया हे नवे शहर वसल्यानंतर बाबेल हळूहळू ओस पडले. नाश झाला, पण एका रात्रीत नव्हे, तर काही शतकांत. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात कोरेशाचे नाव घेऊन त्याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. हे दीड शतक आधी वर्तविलेले भाकीत असल्याची पारंपरिक श्रद्धा आहे. तर ग्रंथाचा हा भाग बंदिवासाच्या अखेरीस रचला गेला, असे बहुतेक आधुनिक अभ्यासकांचे मत आहे.

ग्रंथकर्त्यांनी सगळे सांधे जुळवून घेतले, असेही नाही. नबुखद्नेस्सर सोर नगर धुळीस मिळवील, असे यहेज्केल प्रथम सांगतो. दीर्घ वेढ्यानंतरही ते साधले नाही, तेव्हा त्याच ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात राजाच्या सैन्याला श्रमाचे वेतन मिळाले नाही, अशी कबुली येते. जुने वचन पुसून न टाकता नवे वचन शेजारी ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा लक्षणीय आहे.

दानीएलाचे पुस्तक हा वेगळाच विषय. भिंतीवर लिहिणारा हात आणि त्या रात्री ठार झालेला बेलशस्सर राजा ही कथा सर्वपरिचित आहे. बेलशस्सर ही काल्पनिक व्यक्ती असल्याचे एकेकाळी मानले जाई. पुढे नबोनिडस राजाच्या लेखांत त्याच्या ज्येष्ठ पुत्राचे हे नाव मिळाले. तथापि, तो नबुखद्नेस्सराचा नव्हे, तर नबोनिडसचा पुत्र होता आणि वडील अरबस्तानात असताना कारभार पाहणारा युवराज होता. इतिहासाचा धागा खरा, विणकाम मात्र नंतरचे. या पुस्तकाला आजचे रूप इ. स. पू. दुसऱ्या शतकात, ज्यू धर्मावर ग्रीक राजा अँटिओकसचे संकट आले असताना मिळाले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात.

नव्या करारात बाबेलचा अर्थच बदलतो. पहिल्या शतकाच्या अखेरच्या सुमारास लिहिलेल्या प्रकटीकरणात सात डोंगरांवर बसलेली बाबेल म्हणजे रोम, हे तत्कालीन वाचकाला सांगावे लागत नव्हते. यरुशलेमचे दुसरे मंदिर इ. स. ७० मध्ये रोमनांनी जाळले होते. जुन्या जाळणाऱ्याचे नाव नव्याला चिकटले. तेव्हापासून प्रत्येक काळाने आपल्या नावडत्या सत्तेला बाबेल म्हटले आहे. १९८०च्या दशकात सद्दाम हुसेन यांनी प्राचीन पायावर राजवाडा उभारून विटांवर स्वतःचे नाव कोरले. नबुखद्नेस्सरही विटांवर आपला शिक्का उमटवीत असे. २००३च्या युद्धानंतर याच अवशेषांत परकीय सैन्याचा तळ पडला. खंदक आणि अवजड वाहने यांमुळे झालेली हानी ब्रिटिश म्युझियमच्या २००५ मधील अहवालात नोंदविली आहे. भाकीत खरे झाले की नाही, यावर पुस्तिका निघत होत्या. त्या वेळी खरे नुकसान होत होते ते पुराव्याचे. २०१९ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

मराठीत उरलेले बाबेल

बाबेलने केलेल्या जखमेची आठवण मराठी भाषेने जपली आहे, हे फारसे ठाऊक नसते. कोकणातील बेने इस्रायल समाज, ज्याला गावोगावी 'शनिवार तेली' म्हणत, मंदिराच्या विध्वंसाचा स्मृतिदिन पाळतो. हिब्रू पंचांगातील आब महिन्याच्या नवमीचा हा दिवस मराठीत 'बिरड्याचा सण' किंवा 'बिरड्याचा रोजा' म्हणून ओळखला गेला. शोकाच्या दिवसांत मांस वर्ज्य आणि मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे ताटात, असा हा नामकरणाचा संबंध. बाबेलने नेमलेला यहूदाचा सुभेदार गदल्या याचा खून झाला, त्या दिवसाचा उपवास नववर्षाच्या 'नव्याच्या सणा'ला लागून येतो म्हणून 'नव्याचा रोजा' झाला. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रकाशित झालेल्या समाजेतिहासात या नावांची नोंद आहे. यरुशलेमची राख आणि अलिबागच्या वालाचे बिरडे एका शब्दात एकत्र आले.

दुसरा धागा बगदादचा. कोरेशाच्या परवानगीनंतर, एज्राच्या पुस्तकाप्रमाणे, ४२,३६० लोक मायदेशी परतले. परंतु अनेकजण मागेच राहिले. त्यांच्यातूनच ज्यू विद्वत्तेचे मोठे केंद्र उभे राहिले आणि तेथेच बॅबिलोनी तालमूद सिद्ध झाला. त्याच भूमीतील बगदादी ज्यूंपैकी डेव्हिड ससून १८३०च्या दशकात मुंबईत आले. पुण्याचे 'लाल देऊळ' आणि मुंबईतील ससून ग्रंथालय ही त्या घराण्याची आठवण. १८७५ मध्ये बांधून झालेली ससून गोदी कापसाच्या व्यापाराच्या भरभराटीतून उभी राहिली. त्या भरभराटीत खामगाव आणि अमरावतीच्या बाजारांतील वऱ्हाडी कापसाचाही वाटा होता.

तिसरा धागा भाषांतराचा. हिब्रू आणि ग्रीक शिकून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत केले. वऱ्हाडातही या अभ्यासाची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अकोला हे मिशनकार्याचे केंद्र होते. १९५३ मध्ये यवतमाळ येथे सुरू झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे विद्यापीठ १९८३ मध्ये पुण्यास हलले.

कोरेशाने बाबेल जिंकल्यावर लिहविलेला मातीचा लंबगोल लेख २०१३-१४ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आणला होता. विस्थापितांना आपापल्या स्थानी परत पाठविल्याचा उल्लेख त्यात आहे. यहूदाचे नाव मात्र नाही. जेत्याच्या लेखी ते राज्य नोंद घेण्याइतके मोठे नव्हते. बाबेलची भाषा मेली, तिची लिपी सुमारे अठराशे वर्षे कोणाला वाचता येत नव्हती आणि इतका काळ जगाने तिला ओळखले ते मुख्यतः तिने हद्दपार केलेल्यांच्या ग्रंथातून. हद्दपार झालेल्यांनी शत्रूविषयी राग लिहिला, स्वतःचे दोषही लिहिले आणि न उतरलेली भाकितेही ठेवून दिली. हा ग्रंथ उद्याच्या युद्धाचे वेळापत्रक म्हणून वाचण्यापेक्षा पराभवानंतर एक समाज स्वतःला कसा सावरतो याची नोंद म्हणून वाचला, तर अमरावती-अकोल्याच्या वाचकालाही त्यात परके असे थोडेच उरेल.